झोका तुमचा, घागर माझी

पहूर
आखाजीचा आठवडा

प्रिय विहीणबाई,

पत्र पाहून दचकू नका. इथे सगळे धडधाकट आहेत. हल्ली पत्र आलं की माणूस वाचायच्या आधी पदर शोधतो, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकलं. आता तुम्ही म्हणाल, फोन होता की! होता. पण फोनवर तुमच्यापुढे माझा निभाव कधी लागलाय? मी 'हॅलो' म्हणेपर्यंत तुमची पांझरा नदी दोन्ही काठ भरून वाहायला लागते. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातलीही अर्धी म्हशींमागे गेली, तेव्हा वेलांट्या चुकल्या तर तुम्ही मनानेच सरळ करून घ्या. नूतन मघाशी विचारत होती, "आई, एवढं काय लिहिताय?" मी म्हटलं, "तुझ्या आईला शिव्या." ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय.

तर बातमी अशी की या आखाजीला आपली नात दीपमाला माझ्याकडे येतेय. माझ्याकडे. पहूरला. हे दोन शब्द मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलेत, तुमचा चष्मा सापडला नाही तरी दिसावेत म्हणून. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी, आणि पहिल्या आखाजीला नवी नवरी बापाच्या घरी येते, आजोळी नाही. हा नेम काही मी केलेला नाही. आपल्या सासवांच्या सासवांनी करून ठेवलाय. आजवर ज्या नेमाने ती तुमच्या अंगणात येत होती, त्याच नेमाने आता माझ्या अंगणात येते. नाशिकहून तिचा नवरा स्वतः सोडायला येणार आहे. ही बातमी कळली त्या दिवशी मी आनंदात भाकरीच्या पिठात दोनदा मीठ घातलं आणि दीपकने तांब्याभर पाण्यासोबत ती भाकरी संपवली. तुमचा जावई गुणाचा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. दर वेळी तुम्हीच मला सांगता, जणू मी त्याला जत्रेतून आणलाय.

आमच्या शेजारची सकीना तुम्हाला आठवते ना, ती शिवणकामवाली? लग्नात जिने तुमच्या पोलक्याची उसवलेली बाही उभ्या उभ्या टाचून दिली होती. ती म्हणते, "लताबाई, सच बोलो, पोती आ रही है इसलिए खुश हो, के समधन के पास नहीं जा रही इसलिए?" मी म्हटलं, दोन्हीसाठी. तर म्हणे, "जलती बहोत हो तुम." जळते तर जळते. उगाच गोड बोलून आतल्या आत धुमसण्यापेक्षा आपण लाकडासारखं उघड्यावर जळावं, निदान कुणाची भाकर तरी भाजली जाते.

आता तुम्हीच सांगा, कशी नाही जळणार? मला देवाने एक दीपकच दिला. मुलगी नाही. पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणोत, आखाजी हा लेकींचा सण. गल्लीतल्या घरोघरी पोरी माहेरी यायच्या, झोक्यावर बसायच्या, अंगण दणाणून सोडायच्या, आणि माझ्या दारात कुत्रं झोपलेलं असायचं. दीपमाला झाली तेव्हा मी तिला दुपट्यात घेऊन सगळ्या गल्लीत फिरवली. म्हटलं, झालं, आता माझ्याही घरात गौराई बसणार. पण एवढी मोठी झाले तरी एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आखाजीला जशी गल्लीतली लेक माहेरी येते, तशी माझ्या घरातली सूनही माहेरी जाते. आणि सून गेली तर पोर मागे कोण ठेवेल? चैत्र सरत आला की तुमचा तोताराम नूतनला न्यायला मुराळी म्हणून दारात हजर. बहिणीची पिशवी त्याच्या हातात, भाचीचं बोट त्याच्या बोटात. मी एसटी स्टँडवर उभी. पोरगी खिडकीत बसून हात हलवायची, पण माझ्याकडे बघून नाही हो, पुढे बघून, धुळ्याकडे बघून!

आणि मग माझी आखाजी कशी व्हायची ते ऐका. दीपकचे वडील झुलाल गेल्यापासून आमच्याकडे पितरांची घागर भरते. तुमच्याकडची घागर सुरतेला तोतारामच्या घरी भरते, म्हणून तुम्हाला ते बघावं लागत नाही. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, बाजूला सांजोरी, आंबा. चुलीतल्या निखाऱ्यावर घासाची आगारी टाकायची आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. झुलालच्या नावाची, त्यांच्या वडिलांच्या नावाची, सासूबाईंच्या नावाची. धूर डोळ्यांत जायचा. घास टाकून झाला की दीपक पारावर पत्ते कुटायला जायचा, आखाजीला पुरुषांना तेवढंच काम. मी खापरावरचे मांडे एकटीनेच भाजायचे, एकटीनेच आमरसात बुडवायचे. त्याच वेळी तिकडे तुमच्या देवपुरातल्या लिंबाला झोका, झोक्यावर माझी नात, खाली माझी सून. एकच सण, विहीणबाई, पण देवाने त्याचे दोन वाटे केले. जिवंत पोरी तुमच्या वाट्याला आणि गेलेली माणसं माझ्या वाट्याला. झोका तुमचा, घागर माझी. मी झुलालच्या फोटोपुढे बसून त्यांना सांगायचे, तुम्ही तरी आलात, बरं केलंत.

परत आली की पोरगी पहिले चार दिवस माझी नसायचीच. केसांना तुमच्या तेलाचा वास. हातावर तुमच्याकडची मेंदी. आणि जीभ तर अख्खी धुळ्यालाच ठेवून यायची. मी ताटात भात वाढला तर म्हणायची, "आजी, बठ्ठा नको वाढू." बठ्ठा! आमच्या पहूरला कोण बठ्ठा म्हणतं? मी म्हणायचे, सगळा म्हण. तर म्हणे, "धुळ्याची आजी बठ्ठा म्हणते, अन् ती खरी बोलते." मग मी खोटी बोलते का? नूतन पदराआड हसायची. पुढे मोबाईल आले, आणि माझा जास्तच जाळ झाला. आधी नुसती ऐकून जळत होते, आता बघून जळायला लागले. तुम्ही व्हिडिओ पाठवायच्या, दीपमाला झोक्यावर, परकराचा घोळ वाऱ्यावर, लिंबाचा मोहर तिच्या केसांत. लोक पोरीला बघायचे. मी झोक्याची दोरी बघायचे. दोरीवर तुमचा हात असायचा, त्या हिरव्या बांगड्या.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, आखाजी नाही तर नाही, नागपंचमीलाही झोका असतोच की. अंगणात लिंबाला चांगला जाड दोर बांधून घेतला, दीपमालाला आणून बसवली, पाठीला हात लावला. दोन झोके झाले आणि ती उतरली. म्हणे, "आजी, या झोक्यात गौराई नाही." दोराला दोर, लिंबाला लिंब, आजीला आजी, मग गौराई कुठून आणू? पण पोरीचं खरं होतं. गौराई चैत्रातच येते. तीही सासरवाशीणच. शंकराकडून माहेरी येते, उन्हाळ्यात आईच्या घरी गार होते, आणि आखाजी झाली की तिचा नवरा तिला न्यायला येतो. पावसाळ्यात कुणाला माहेर असतं? पावसाळ्यात पेरणी असते.

दीपमाला कॉलेजात गेली तेव्हा तिच्या बाईंनी तिला गौराईवर लिहायला सांगितलं. पोरगी माझ्याकडे आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, तुला माहीत आहे का, हा सण देवळांच्या आधीचा आहे? याला भटजी लागत नाही, पोथी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. लोकांना शेती कळायला लागली, बी मातीत टाकलं की उगवतं हे कळलं, तेव्हाचं आहे हे. मागून लोकांनी तिला पार्वती म्हटलं." मला फार पटलं. मी म्हटलं, मग आधी होतं तरी काय? माती होती, बी होतं, पाणी आणणारी पोरगी होती. आणि शिव्या होत्या. ती म्हणे, शिव्या कशाला? मी सांगितलं, आम्ही माहेरी जामनेरला असताना गौराई बोळवायला नदीवर जायचो तेव्हा या काठावर आमची गल्ली, त्या काठावर दुसऱ्या गल्लीच्या पोरी. काय एकेक शिव्या घालायचो! तुझी गौराई काळी, तुझा नवरा बोळका, तुझी सासू घोरते. वर्षभर तोंडात पदर कोंबून बसलेल्या बाया त्या दिवशी मोकळ्या व्हायच्या. कुणी रागवायचं नाही. शिव्या सरल्या की पाण्यात उतरून एकमेकींच्या वेणीत गव्हाचे कोंब खोवायचो. दीपमालाने ते सगळं लिहून घेतलं. मी खुश. म्हटलं, आता गाणीही विचारेल. मी घसा खाकरून बसले होते. तर म्हणे, "गाणी मी धुळ्याच्या आजीची मोबाईलमध्ये भरून आणलीत."

ऐकवली तिने मला. खोटं कशाला बोलू, गळा तुमचा अजून गोड आहे. मला त्यात काही खोट काढता येईना, याचाच मला जास्त राग आला. पण एका गाण्यात तुम्ही थांबलात. तुमच्या अहिराणीत आहे ते, 'लिंबले मव्हर उना वं माय, मना भाऊ का नही उना?' लिंबाला मोहर आला, पण मला न्यायला भाऊ का नाही आला. तिथे तुमचा आवाज खाली बसला. मग खोकला आल्यासारखं केलंत आणि दुसरं गाणं धरलंत. पोरीला वाटलं, आजीला खोकला झाला. मला नाही वाटलं. तुमचा भिकनभाऊ ज्या वर्षी गेला त्या वर्षापासून तुम्हाला मुराळी नाही, हे मला ठाऊक आहे. माझेही दोघं भाऊ गेले. आपल्या वयाच्या बायकांच्या दारात मुराळी येत नाही, आला तर यमच येतो. पण तेव्हा मी हे मनात फार ठेवलं नाही. जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा खोकला कुठे ऐकू येतो?

आणि तुमचा एक हिशेब मी अजून मिटवलेला नाही. लेकीच्या घरचं अन्न खाऊ नये म्हणून तुम्ही आजवर माझ्या घरी पाण्याचा घोट घेतला नाहीत. बारशाला आलात, बाहेरच्या ओट्यावर बसलात, आणि येताना स्वतःचा तांब्या घेऊन आलात. गल्ली बघत होती! मुक्काम तर एकदाही नाही. संध्याकाळची एसटी चुकली तेव्हा सकीनाकडे झोपलात, पण माझ्या खाटेला पाठ लावली नाहीत. मला रीत समजते. माझ्या आईनेही ती पाळली. पण मनात यायचंच, माझ्या घरचं पाणी चालत नाही आणि माझ्या घरची नात मात्र चालते!

असो. आता माझ्या तयारीचं ऐका, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्याकडच्या चिंधा सुताराकडून मी नवी लाकडी गौराई करून घेतली. नाक थोडं बसकं झालंय, पण रंग दिल्यावर खपून जातं. दोर नवा आणला. फळवाल्या नासीरच्या गाडीवरून डांगर हेरून ठेवलं, त्याला सांगितलं, हे कुणाला विकलंस तर बघ. आणि टोपलीत माती भरून गहू पेरला. किती वर्षांनी पेरला म्हणता! परकर नेसत होते तेव्हा पेरला होता, त्यानंतर आत्ताच. रीत मला आठवत होती. टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची, वर कापड झाकायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि उघडून बघायचं नाही. उजेड लागला नाही म्हणजे कोंब हळदीसारखे पिवळेधमक येतात. तीच गौराईची शोभा. सगळं आठवत होतं, पण ते 'उघडून बघायचं नाही' मला जमेना. सकाळी उठले की बघ. चहा झाला की बघ. उन्हात काम करून आले की टोपली हळूच ओट्यावर आणून बघ. अहो, नातीसाठी पेरलेला गहू, फुटला की नाही ते न बघता माणूस राहील कसा? परवा नूतनने कापड काढलं आणि मला रंग दाखवला. गहू हिरवागार! बैलापुढे टाकावा असा! सकीना भिंतीवरून डोकावून म्हणाली, "ये तो चारा हो गया, लताबाई." आता दुसरा पेरायला दिवस उरले नाहीत. नातीच्या पहिल्या आखाजीला माझी गौराई हिरवी. नदीवर त्या काठाच्या पोरींना शिव्या द्यायला आयतंच निमित्त.

मी कपाळाला हात लावून बसले आणि नूतनला म्हणाले, "तुझ्या आईची नसेल झाली अशी." तुमची टोपली दर वर्षी हळदीत बुडवून काढल्यासारखी असते, व्हिडिओत पाहिलंय ना मी. तर नूतन सांजोरीला मुरड घालत होती, ती तशीच थांबली. म्हणाली, "आईने सवयीने गहू पेरलाय. पण झोका बांधला नाही या वर्षी." मी म्हटलं, का? नूतन म्हणाली, "कोण बसणार आहे त्यावर? दीपमाला इथे. ती इथे म्हणून मी इथे. दादा सुरतेला. आई म्हणाली, लिंबालाही जरा आराम." आणि पुन्हा सांजोरीकडे बघायला लागली. तिने एकदाही म्हटलं नाही की मला जायचंय. सांजोरीच्या कडेला ती नको इतकी बारीक मुरड घालत होती, विहीणबाई. एवढे दिवस मी आनंदाने गावभर सांगत फिरतेय की नेम आता माझ्या बाजूने झाला. तो दुसरीकडून कुणाच्या तरी हातून निसटला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रिकाम्या अंगणातली आखाजी कशी असते, हे पहूर-धुळ्यात माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आधी मला वाटलं, बरं झालं, आता तुम्हालाही कळेल. खरंच वाटलं, लपवत नाही. पण ते चहा गार होईपर्यंतसुद्धा टिकलं नाही. तुमच्या लिंबाला रिकामी फांदी, तुमच्या कोपऱ्यात झाकलेली पिवळी टोपली आणि तिच्यापुढे गाणारं कुणी नाही, हे मला बघवेना. मी तुमच्यावर जळले ते तुमचं अंगण भरलेलं होतं म्हणून. ते रिकामं झालं तर मी जळू कशावर?

म्हणून हे पत्र. ते घेऊन तुमच्या दारात दीपक उभा आहे. त्याला जावई म्हणून पाटावर बसवू नका, शिरापुरीच्या मागे लागू नका. तो या वेळी मुराळी म्हणून आलाय. तुमचा मुराळी. तुम्हाला माहेरी न्यायला. लेकीच्या घरी तुम्ही पाणी पीत नाही, नका पिऊ. पण माहेरचं पाणी पिऊ नये अशी रीत अजून कुणाच्या सासूने केलेली नाही. मी सकीनाला विचारलं, आत्ता पारावरच्या म्हाताऱ्यांनाही विचारलं, सगळे म्हणाले, मुराळी पाठवला तर ते माहेरच. तेव्हा तांब्या घरीच ठेवा आणि टोपली घ्या. कापड न उचलता आणा, एसटीत कुणी कितीही विचारलं तरी उघडून दाखवू नका. माझी हिरवी आणि तुमची पिवळी, दोन्ही शेजारी मांडू. घागरीपुढे बसायलाही मला दुसरं माणूस हवंय, निखाऱ्यावर भिकनभाऊच्या नावाची आगारी तुमच्याच हातून टाकू. बोळवणीला वाघूर नदीवर तुम्ही त्या काठाला उभ्या राहा, मी या काठाला, आणि काय द्यायच्या त्या शिव्या द्या, माझ्याकडे भरपूर साठल्यात. फक्त एक आत्ताच सांगून ठेवते, नंतर भांडण नको. झोक्यावर दीपमाला बसली की पहिला झोका मी देणार. तुमच्या बांगड्या तेव्हा दोरीपासून लांब दिसल्या पाहिजेत. दुसरा तुमचा. आणि तिसऱ्याला पोरीला खाली उतरवू आणि अक्का, तुम्ही बसा. माहेरी आलेल्या लेकीला झोका द्यावा लागतो.

उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघणारी
तुमचीच धाकटी,
लता